वायुनौका आर-१०१ : एक नभोनाट्य आणि एक इतिहास

आकाशवाणीवरून ऐकविल्या जाणाऱ्या नाटकाला मराठीने ‘नभोनाट्य’ असा सुंदर शब्द दिला आहे. ॲलन बार्न्स यांनी लिहिलेल्या ‘स्टॉर्म वॉर्निंग’ या इंग्रजी श्राव्य नाटकाला तो शब्दशः लागू पडतो. ब्रिटनमधील ‘बिग फिनिश’ या संस्थेने जानेवारी २००१ मध्ये ते सीडीच्या रूपाने प्रसिद्ध केले. त्याचे बरेचसे कथानक आकाशातच, आर-१०१ या वायुनौकेवर घडते. ही वायुनौका मात्र कल्पित नव्हे. ५ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटेपूर्वी ती फ्रान्समध्ये कोसळली आणि ४८ माणसे प्राणांस मुकली. तिचे गंतव्य स्थान होते कराची. आणि कराची तेव्हा आपल्या मुंबई इलाख्यात होती.

प्रथम नाटकाविषयी. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीने नोव्हेंबर १९६३ मध्ये दूरचित्रवाणीवर सुरू केली. पोलिसांच्या दूरध्वनीच्या खोक्यासारख्या दिसणाऱ्या यानातून काळाच्या कोणत्याही टोकाला जाऊ शकणारा, ‘डॉक्टर’ एवढ्याच नावाने ओळखला जाणारा एक परग्रहवासी हा तिचा नायक. १९८९ मध्ये मालिका थांबली. १९९६ च्या एका दूरचित्रपटात पॉल मॅकगॅन या अभिनेत्याने आठवा डॉक्टर साकारला. परंतु मालिकेचे पुनरुज्जीवन तेव्हा झाले नाही. मॅकगॅन यांचा डॉक्टर पुन्हा अवतरला तो ‘स्टॉर्म वॉर्निंग’मध्ये, केवळ आवाजाच्या रूपाने.

या नाटकात डॉक्टर आर-१०१ वर येऊन पोहोचतो. चार्ली पोलार्ड ही अठरा वर्षांची धाडसी मुलगी वेषांतर करून नौकेत चोरून शिरलेली आहे. तिला सिंगापूरला जायचे आहे. तिचा जन्म १४ एप्रिल १९१२ चा, म्हणजे ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली त्या दिवसाचा, अशी योजना लेखकाने केली आहे. नौकेवर एक गूढ परग्रहवासी प्रवासीही आहे आणि त्याच्यामुळे कथेला विज्ञानकथेचे वळण मिळते. खरी गुंतागुंत मात्र शेवटी निर्माण होते. नौका पडणार हे डॉक्टरला इतिहासातून ठाऊक आहे. तो नौका वाचवीत नाही, परंतु चार्लीला वाचवितो. इतिहासाच्या हिशेबात तिने त्या रात्री मरायला हवे होते. ती जगली, म्हणून काळाच्या वस्त्राला छिद्र पडले, आणि त्याचे परिणाम २००२ च्या ‘नेव्हरलँड’पर्यंतच्या नाटकांतून उलगडत जातात.

घडलेले बदलता येते काय, हा प्रश्न मराठी वाचकाला नवा नाही. २०२५ मध्ये निवर्तलेले डॉ. जयंत नारळीकर यांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत तोच प्रश्न आपल्या इतिहासाला विचारला होता. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? पानिपताच्या पुढच्या कालखंडात ज्यांच्या पूर्वजांनी इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे येथे घरे वसविली, त्यांना तर हे ‘जर-तर’ घरचेच वाटते. नारळीकर एका गोळीची दिशा बदलतात आणि साऱ्या देशाचे भवितव्य बदलते. बार्न्स यांच्या नाटकात नौकेचे विधिलिखित तसेच राहते, फक्त एक जीव त्यातून निसटतो. दोन्ही लेखकांची बैठक एकच आहे : जे घडले त्यास इतिहास ‘अटळ’ म्हणतो, आणि त्याला हात लावणे हे काळप्रवाशाचे काम.

परंतु आर-१०१ चा खरा इतिहास वाचताना या ‘अटळ’ शब्दाविषयीच शंका येऊ लागते.

साम्राज्याचे दूरचे भाग वायुनौकांनी जोडण्याची योजना ब्रिटिश सरकारने १९२४ मध्ये हाती घेतली. दोन नौका बांधायच्या ठरल्या. आर-१०० एका खासगी कंपनीने आणि आर-१०१ खुद्द सरकारने, कार्डिंग्टन येथील आपल्या कारखान्यात. हवाई खात्याचे मंत्री होते लॉर्ड थॉमसन. त्यांचा जन्म १८७५ मध्ये आपल्या नाशिकचा. हिंदुस्थानचे पुढील व्हाइसरॉय म्हणून त्यांचे नाव घेतले जात असे. आपल्याच खात्याने बांधलेल्या नौकेतून हिंदुस्थानात उतरावे आणि ऑक्टोबरातील साम्राज्य परिषदेसाठी वेळेवर लंडनला परतावे, असा त्यांचा बेत होता. इकडे त्याच वर्षी मिठाचा सत्याग्रह होऊन गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते. ज्या देशाशी इतक्या घाईने जवळीक साधायची, तो देश मनाने दूर जात होता.

आर-१०१ ऑक्टोबर १९२९ मध्ये प्रथम उडाली तेव्हाच ती अपेक्षेपेक्षा फार जड असल्याचे स्पष्ट झाले. त्यावर उपाय म्हणून १९३० मध्ये ती मधोमध कापून तिच्यात आणखी एक वायुपिशवी बसविण्यात आली. तिची लांबी ७७७ फूट झाली. ‘टायटॅनिक’पेक्षा फार कमी नाही. आत ज्वालाग्राही हायड्रोजन वायू होता. तो बैलांच्या आतड्यांपासून केलेल्या पातळ पापुद्र्यांचे अस्तर असलेल्या पिशव्यांत भरलेला असे. त्या पिशव्या सांगाड्याला घासून त्यांना भोके पडत.

जुलै १९३० मध्ये कार्डिंग्टन येथील शासकीय निरीक्षक मॅकवेड यांनी आपल्या वरिष्ठांना लेखी कळविले की, पिशव्यांच्या या स्थितीत उड्डाण-परवान्याची मुदत वाढविण्याची शिफारस आपण करू शकत नाही. वरिष्ठांनी ते पत्र वायुनौका विभागाच्या प्रमुखांकडे अभिप्रायासाठी धाडले. सांगाड्याला गादीसारखे वेष्टन बांधले की भागेल, असे उत्तर आले. प्रश्न तेथेच मिटला. निरीक्षकाचा इशारा मंत्र्यांच्या मेजापर्यंत गेला नाही. मी स्वतः आयुष्याची उमेदीची वर्षे राज्य शासनाच्या सेवेत काढली. ज्याच्या कामाविषयी तक्रार आहे त्याचेच मत मागवावे आणि ते आले की कागद निकाली काढावा, ही पद्धत कोणत्याही कचेरीत बसलेल्या माणसाला अनोळखी वाटणार नाही.

त्याच महिन्यात हिंदुस्थानच्या उड्डाणाचे वेळापत्रक पाळलेच पाहिजे, असा शेरा थॉमसन यांनी लिहिला. न्यायासाठी हेही नोंदविले पाहिजे की, आपल्या उतावळेपणाचा परिणाम निर्णयावर होऊ देऊ नका, असे त्यांनी निघण्यापूर्वी अधिकाऱ्यांना सांगितले होते. परंतु वरिष्ठाची इच्छा एकदा कागदावर उतरली की तोंडी दिलेली सूट तिचे वजन कमी करीत नाही. फेरबांधणीनंतर चाचणीचे एकच उड्डाण झाले आणि त्यातही नौका पूर्ण वेगाने चालवून पाहिली गेली नाही. वाटेत इजिप्तमध्ये इस्माइलिया येथे मेजवानी द्यायची होती, म्हणून नौकेवर गालिचेही चढविले होते.

४ ऑक्टोबर १९३० रोजी संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास ५४ माणसांसह नौकेने स्तंभ सोडला. वर उठण्यासाठीच तिला जवळजवळ चार टन पाणी टाकून द्यावे लागले. वादळ वाढत असल्याचा हवामानाचा संदेश वाटेत मिळाला; नौका परत फिरली नाही. रात्री दोन वाजून नऊ मिनिटांनी बोव्हे गावाजवळ तिचे नाक जमिनीला टेकले आणि तिने पेट घेतला. ४६ जण जागीच गेले, दोघे नंतर. थॉमसन, मुलकी हवाई खात्याचे संचालक ब्रँकर, नौकेचे रचनाकार रिचमंड आणि कप्तान आयर्विन हे सारे मृतांत होते. सहाजण वाचले.

चौकशीचे अध्यक्षपद सर जॉन सायमन यांच्याकडे गेले. १९२८ मध्ये ज्यांना आपल्या लोकांनी काळी निशाणे दाखविली, तेच हे सायमन. पुढच्या बाजूच्या पिशवीतून वायू निघून गेल्याने नौका खाली आली, हे १९३१ मधील त्यांच्या अहवालाचे अनुमान. आणि धोरणाच्या निकडीवाचून ती त्या दिवशी निघाली नसती, असेही त्यात सूचित केलेले आहे. कॅनडाला जाऊन सुखरूप परतलेली आर-१०० देखील त्यानंतर मोडीत काढण्यात आली.

आता पुन्हा नाटकाकडे. भविष्य ठाऊक असलेला डॉक्टर गप्प राहतो, कारण बोलला तर इतिहास मोडेल. आपण श्रोते त्याच्या मौनाने अस्वस्थ होतो. नाटकाचे हे मोठे यश आहे. ४८ हा आकडा वाचताना जे वाटत नाही, ते एका मुलीचा उत्साही आवाज ऐकताना वाटते. ती बोलत असते आणि आपण घड्याळ मोजत असतो. पण ज्या रात्रीचे हे चित्रण आहे, त्या रात्रीला इशारा देण्यासाठी भविष्यातून कोणी येण्याची गरजच नव्हती. इशारा तीन महिने आधी, योग्य त्या अधिकाऱ्याने, योग्य त्या मार्गाने दिलेला होता. काळप्रवाशाचा अडसर निसर्गनियमाचा आहे. त्या काळातल्या माणसांचा अडसर तारखेचा, मानाचा आणि नको ते बोलण्याच्या संकोचाचा होता. पहिला हटविता येत नाही. दुसरा एका सहीने हटला असता.

कराचीत या नौकेसाठी प्रचंड लोखंडी शाळा आधीच उभारली होती. ज्या कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य या महाराष्ट्रीय शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाची शाळा आजही ओळखली जाते, त्या शहराच्या लोकांनी या वायुनौका-शाळेला ‘काळा छपरा’ असे नाव दिले. तिच्यात एकही वायुनौका कधी आली नाही. सिंध १९३६ मध्ये मुंबई इलाख्यातून वेगळा झाला, १९४७ मध्ये देशही वेगळा झाला, आणि पुढे १९६० च्या दशकात तो छपरा पाडण्यात आला. एका पत्राला वेळेवर उत्तर मिळाले असते, तर तोही कदाचित रिकामाच राहिला असता. कार्डिंग्टनच्या चर्चच्या आवारात मात्र ४८ जणांची सामाईक कबर नसती.