ओळख पायांची

आमच्या तात्यांना, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांना, गावात दोन कामांसाठी बोलावणं यायचं. कुणाच्या कमरेत उसण भरली की, नाहीतर कुणाला विहीर पाडायची असली की. दोन्ही कामं पायांची. उसण भरलेला माणूस आमच्या ओट्यावर पालथा पडायचा, तात्या डाव्या पायाची टाच त्याच्या कमरेवर टेकवून तीनदा दाबायचे आणि "ऊठ आता" म्हणायचे. माणूस उठायचा. कधी बरा होऊन, कधी भिडेखातर. विहिरीच्या कामाला मात्र तात्या नाखूष असत. अनवाणी रान तुडवायचं आणि पायाला गार लागेल तिथं उभं राहायचं. माण तालुक्यात उन्हाळ्यात पायाला गार लागेल अशी जागा! १९७२च्या दुष्काळात त्यांनी दाखवलेल्या तीन जागांपैकी दोन कोरड्या निघाल्या, तिसरीला लागलं ते पाणी मचूळ. तरी बोलावणी थांबली नाहीत. कारण तात्या पायाळू होते.

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेला. डोक्याकडून येणाऱ्यांना मराठीत वेगळं नाव नाही. उलटं येणाऱ्यासाठी मात्र तिनं एक अख्खा शब्द राखून ठेवलाय, आणि त्या शब्दाला केवढं तरी लोढणं. पायाळूला जमिनीतलं पाणी कळतं, पुरलेलं धन दिसतं, आणि वीज म्हणे त्याच्यावर टपून असते. वळवाचा गडगडाट सुरू झाला की आजी पस्तिशीच्या तात्यांना पोरासारखी हाक मारून घरात घ्यायची. हे सगळं इतकं निरागस राहत नाही. २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधन आणि पाण्याचा शोध यांचा उल्लेख करावा लागला, तो हौसेनं नव्हे.

मूल कसं आलं यावरून त्याचं पुढचं वाचायची खोड जुनीच आहे. राजाराम महाराज १६७० साली पालथे उपजले आणि शिवाजी महाराजांनी त्याचा अर्थ 'हा दिल्लीची पातशाही पालथी घालील' असा लावला, ही गोष्ट सभासदाच्या बखरीत आहे. बखर लिहिणारा राजारामांच्याच पदरी होता, हेही ध्यानात ठेवावं. पण बखरीत नसलेली एक बाई मला नेहमी आठवते. मूल पालथं आहे हे सगळ्यांत आधी जिच्या हातांना कळलं असेल, ती. राजगडावर त्या दिवशी सुईण कोण होती?

आमच्या घरातली सुईण मला आजीनं दाखवली. डोळ्यांनी नाही, शेंगा फोडता फोडता सांगितलेल्या गोष्टींतून. आम्ही तिला सुईणआजी म्हणायचो, आम्ही जन्मायच्या आत ती गेलेली असूनही.

तात्या पोटात होते ते साल १९३८. आजीचं दुसरं बाळंतपण, पहिलं माहेरी झालेलं. सातव्या महिन्यात सुईणआजी पहिल्यांदा आली, मागल्या दारानं. आल्या आल्या हात लावायची तिची पद्धत नव्हती. आधी आजीला म्हणायची, "परसाकडं जाऊन ये बाई, भरल्या पोटाला काय कळत नाय." मग स्वतः चुलीपुढं बसून तळवे शेकायची. गार हात लागला की पोट आखडतं आणि मूल हाताला लपतं, हे तिचं म्हणणं. गोधडीवर उताणं निजवून गुडघे वर घ्यायला लावायची, आणि तरीही हात लावायची नाही. नुसती बघायची. पोट दुधी भोपळ्यासारखं उभं आहे की भाकरीच्या पाटीसारखं आडवं पसरलंय? मग विचारायची, लाथा कुठं बसतात? बरगडीखाली की ओटीपोटात?

तेव्हा कुठं हात. दोन्ही तळवे आधी वर, जिथं पोट संपतं तिथं. तिथं काय लागतं ते चाचपायचं. डोकं असेल तर नारळासारखं टणक, गोल. बोटांनी हलकं ढोसलं की मानेवर डुलून परत येतं. ढुंगण असेल तर भिजवलेल्या कणकेचा गोळा, ढोसलं तर अख्खं अंगच हलतं. मग तळवे दोन्ही कुशींवर. एक हात पोट धरून ठेवणार, दुसरा शोधणार. एका कुशीला वरवंटा लावून ठेवल्यागत सलग लागतं ती पाठ. दुसरीकडं शेंगांचं पोतं चाचपल्यागत गाठी गाठी, ते हातपाय. मग खाली, ओटीपोटाच्या वर, अंगठा आणि बोटं यांच्या चिमटीत. शेवटी तोंड फिरवून आजीच्या पायांकडं बघत बसायची आणि दोन्ही हातांची बोटं खाली उतरवत न्यायची: मूल किती उतरलंय, अजून हलतंय की रुतलंय.

"पोरगं बसलंय," ती म्हणाली. नारळ वर होता. खात्रीसाठी तिनं कान लावला. मुलाचं डोकं खाली असलं की काळजाचे ठोके बेंबीच्या खाली सापडतात, बसलेलं असलं की बेंबीच्या वर. ते वर सापडले.

आठव्यात तिनं एरंडेल कोमट करून पोटाला लावलं आणि मूल फिरवून बघितलं. एका हातानं डोकं पुढं लोटायचं, दुसऱ्यानं ढुंगण वर उचलायचं, कोलांटी घालायला लावावी तसं. आजीनं ओठ चावला की हात थांबायचे. जोर केला की नाळ रुसते, म्हणायची. फिरलं. पुढच्या बाजारच्या दिवशी बघते तर पुन्हा बसलेलं. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिनं हातच लावला नाही. "त्याला बसूनच यायचंय, येऊ दे."

पुढं वाचल्यावर मला कळलं की आठव्या महिन्यातल्या त्या कोलांट्यांचं श्रेय बहुधा तात्यांनाच द्यायला हवं. अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाच मुलांमागं एक तरी बसलेलं असतं. दिवस भरेपर्यंत बहुतेकजण आपणहून फिरतात आणि शंभरात तीन-चारच उरतात. म्हणून डॉक्टर आता छत्तीस-सदतीस आठवड्यांपर्यंत थांबतात आणि मग बाहेरून फिरवून बघतात. सोनोग्राफीचं यंत्र शेजारी, ठोक्यांवर लक्ष, शस्त्रक्रियेची तयारी जवळ. तरी साधारण निम्म्या वेळाच जमतं. सुईणआजीकडं यातलं काही नव्हतं. तिच्या हातून वार सुटली असती तर आजी गेली असती, तात्याही. गोष्ट गोड लागते ती दोघं वाचली म्हणून.

बाळंतपणाची रात्र आजी फार हळू सांगायची. आढ्याला बांधलेला दोर धरून ती उकिडवी. आधी ढुंगण आलं, मग एक पाय सुटला, मग दुसरा. सासूबाई ओरडल्या, "अगं ओढ की!" सुईणआजी हात मांडीवर ठेवून बसून राहिली. "मला वाटलं, ही बया करतच नाय काई." ओढलं की मुलाचे हात वर जातात, हनुवटी छातीवरनं सुटते आणि डोकं अडतं. लोंबू दिलं की मूल आपल्याच वजनानं उतरतं. मानेवरचे केस दिसले तेव्हा तिनं पहिल्यांदा हात पुढं केले. आज प्रसूतिशास्त्राची पुस्तकं हेच सांगतात, पायाळू मुलाला ओढू नका. काहीच न करता बसून राहायला किती वर्षांचं शिक्षण लागतं, हे पुस्तकात नसतं.

बिदागी सूपभर जोंधळे, नारळ आणि खण. पाचवीचं जेवण तिला अंगणात वाढलं. सुईणआजी मांगवाड्यातून यायची. ज्या घरात तिचे तळवे आजीच्या पोटावर फिरले, त्या घराचा उंबरा बाराव्या दिवसानंतर तिला बंद. मी एकदा आजीला विचारलं, मग बाळंतपणात कसा चालायचा तिचा हात? आजी शेंग फोडायची थांबली. "अगं, सोयराचे दिवस. तवा मीच शिवायजोगी नव्हते." एकीचा विटाळ दहा दिवसांचा, दुसरीचा जन्माचा, आणि या दोघींच्या मधे ते मूल.

तात्यांचे पाय तालुक्यात नावाजले. ते पाय ज्या हातांवर उतरले त्यांना कुणी पाणी शोधायला बोलावलं नाही.

सुईणआजीला हे ठाऊक असावं. तात्या शाळेत जाताना वाटेत भेटले की ती तोंडाकडं न बघता आधी त्यांच्या पायांकडं बघायची आणि हसायची, "तुझी-माझी ओळख पायांची रं लेकरा."

तिच्या पद्धतीला पुस्तकात नाव आहे, हे मला आईमुळं कळलं. माझ्या वेळी, साठच्या दशकात, आईला तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या नर्सबाई यायच्या, पुढल्या दारानं. पांढरं लुगडं, पिशवीत एक कर्णा. पाभरीच्या चाड्यासारखा दिसायचा तो, त्यामुळं गावची पोरं म्हणायची, नर्सबाई पोटात बी पेरतात. तो फ्रान्समधल्या आडोल्फ पिनार यांचा कर्णा, १८९५चा. रुंद तोंड पोटावर, दुसरं कानाला, आणि हात मोकळे. नर्सबाईंनीही आधी हात चोळून ऊन केले, गुडघे वर घ्यायला लावले आणि वर, कुशीत, खाली, मग पाठमोरं होऊन, असं चार पायऱ्यांनी पोट तपासलं. आजी दारातून बघत होती. "आमच्या सुईणीचंच की हे!" नर्सबाई म्हणाल्या, हे लिओपोल्डचं.

ख्रिस्तिआन गेरहार्ड लिओपोल्ड हे जर्मनीत ड्रेस्डेनच्या प्रसूतिगृहाचे प्रमुख. बाळंतरोगानं बायका मरण्याचा तो काळ. डॉक्टरांचेच हात तो रोग आत नेतात, हे झेमेलवाइस यांनी व्हिएन्नात १८४७ साली ताडलं होतं. तेव्हा आत हात न घालता, नुसतं बाहेरून चाचपून, किती कळू शकतं? १८९०च्या दशकात लिओपोल्ड यांनी त्याची शिस्त बसवली आणि ती सुइणींना शिकवण्याजोगी केली. हात त्यांच्या आधीही होते, माणमध्ये काय अन् जर्मनीत काय. त्यांनी हातांना क्रम दिला आणि तो कागदावर उतरवला. कागद मिळाला की नाव टिकतं.

तरी सुईणआजीला देव्हाऱ्यात बसवावं असं मला वाटत नाही. आजीची धाकटी जाऊ पहिलटकरीण होती. सुईणआजी नवव्यात पोट बघून म्हणाली, "आगळीसारखं पडलंय." दाराला आतून आडवा सरकवतात ती आगळ. तिनं घरच्यांना तालुक्याला न्यायला सांगितलं होतं. नेलं नाही. कळा सुरू झाल्यावर आधी हात आला, मग बैलगाडी जुंपली. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली. पुढं सुश्रुतसंहितेत मूढगर्भाचे प्रकार वाचताना मी दचकले: कील, प्रतिखुर, बीजक आणि चौथा परिघ. परिघ म्हणजे अडसर, आगळ. आनंदीबाई जोशींनी १८८६ साली फिलाडेल्फियात प्रबंधासाठी आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र हाच विषय निवडला होता, तेव्हा ही नावं त्यांच्याही नजरेखालून गेली असतील. सुश्रुताचं ज्ञान झिरपत मांगवाड्यापर्यंत आलं, असं म्हणायचा मोह होतो. मला ते पटत नाही. दोघांनी आपापल्या घराचं दार पाहिलं होतं, एवढंच. आडव्या मुलाला त्या दारातून वाट नाही. सुईणआजीला ते हातांनी कळलं, पण तिच्याकडं दुसरं दार नव्हतं.

आता महाराष्ट्रात शंभरातल्या सुमारे पंचाण्णव बाळंतपणांना दवाखाना मिळतो. हे चांगलंच झालं, त्या जावेची गोष्ट ऐकलेल्या कुणालाही वाटेल. नकळत दुसरंही एक झालं. २००० साली पायाळू बाळंतपणांची एक मोठी आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली, आणि बसलेलं मूल दिसलं की शस्त्रक्रिया करायची हा जगभर रिवाज पडला. शस्त्रक्रियेनं काढलेलं मूल ना पायाळू ना डोक्याचं. हात मांडीवर ठेवून बसणारे कमी झाले, आणि पायाळूही.

२०१९ साली माझ्या मुलीला लेस्टरमध्ये दिवस गेले. इकडं ओळखीतल्या पोरींची दर महिन्याला सोनोग्राफी, आणि तिकडं छत्तिसाव्या आठवड्यात एक मिडवाइफ आली, हात ऊन केले आणि नुसतं चाचपून गेली! मी फोनवर चिडले. साता समुद्रापार जाऊन शेवटी सुईणच? मुलीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. त्यावर लिहिलं होतं, 'सेफ, ३/५'. सेफ आहे हे वाचून जीव भांड्यात पडला, पण पाचपैकी तीनच? मुलगी हसून हसून दमली. सेफ म्हणजे सेफॅलिक, डोकं खाली. आणि डोक्याचे पाच भाग धरले तर तीन अजून वरून हाताला लागतायत, दोन उतरलेत. "आणि आई, तिनं माझाच हात धरून फिरवला. पाठ डावीकडं आहे. लांब, गुळगुळीत काहीतरी."

"वरवंट्यासारखं?"

"हो! तुला कसं माहीत?"

तात्या तेव्हा एक्क्याऐंशीचे. गावी गेले तेव्हा ओट्यावर एकजण कमरेला हात लावून बसलेला होता, ट्रॅक्टरवरून उतरताना उसण भरलेला. मी तात्यांना सांगितलं, मूल डोक्याकडून आहे, डोकं खाली आलंय. ते खट्टू झाले.

"म्हणजे पायाळू नाय?"

"नाही तात्या."

"मग माझ्यामागं हे कोण बघायचं?" असं म्हणून त्यांनी भिंतीला धरलं, डावा पाय उचलला आणि पालथ्या माणसाला विचारलं, "कुठं दुखतंय, नीट सांग." पाय मात्र त्यांनी लगेच टेकवला नाही. आधी खाली वाकले, दोन्ही तळवे एकमेकांवर घासले आणि त्याच्या कमरेवर ठेवून चाचपत राहिले.