मेदरेणूंची मोजदाद
लिपिडांचा, म्हणजे सजीवांतल्या मेदरेणूंचा, मास स्पेक्ट्रोमेट्रीने नेटाने अभ्यास सुरू झाला तो 1950च्या दशकात, स्वीडनमध्ये. आयनार स्टेनहागेन आणि रॅग्नार रिहागे यांनी मेदाम्लांची मिथिल एस्टरे यंत्रात घातली. निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याने रेणू फुटतो आणि विद्युतभारित तुकडे वस्तुमानानुसार वेगळे होतात. सरळ साखळीच्या एस्टरांत 74 वस्तुमानाचा तुकडा हमखास दिसे. साखळीला फांदी कुठे फुटली आहे, हेही कळे.

या अभ्यासाचे सर्वांत मोलाचे फळ म्हणजे प्रोस्टाग्लँडिन या, मेदाम्लांपासून शरीरात बनणाऱ्या द्रव्याची उकल. मेंढ्यांच्या ग्रंथींतून ते इतके थोडे हाती येई, की जुन्या रासायनिक रीतींनी रचना ठरवणे फार कठीण होते. सुने बर्गस्ट्रॉम आणि बेंगट सॅम्युएल्सन यांनी 1960च्या दशकाच्या आरंभी ती उलगडली, त्यात रिहागेंच्या यंत्राचा वाटा मोठा. 1982 साली या दोघांना जॉन वेन यांच्यासह नोबेल मिळाले.

पेशीपटलातली फॉस्फोलिपिडे मात्र तापवून वायुरूप करताना मोडत. जॉन फेन यांच्या इलेक्ट्रोस्प्रेने 1980च्या दशकात वाट काढली. द्रावणाचे भारित तुषार आटत जातात आणि रेणू अखंड उरतो. 1994 मध्ये हान आणि ग्रॉस यांनी तांबड्या पेशींच्या पटलातली फॉस्फोलिपिडे अशीच तपासली.

1990च्या दशकात मास स्पेक्ट्रोमेट्री नवजात बाळांच्या तपासणीतही आली. टाचेतून घेतलेला रक्ताचा ठिपका कागदावर वाळवतात. त्यात ऑक्टॅनॉइल कार्निटीन हे मेदाम्लयुक्त संयुग वाढलेले दिसले, तर मध्यम लांबीची मेदाम्ले जाळणारे विकर कमी असल्याचा संशय येतो. असे बाळ उपाशी राहिले तर साखर घसरून दगावू शकते. वेळीच कळल्यास वेळच्या वेळी पाजणे हाच मुख्य उपाय.