'हे खरे आहे काय?' : प्रश्नोत्तरांच्या एका परंपरेविषयी

विधिमंडळाच्या कामकाजाच्या छापील नोंदी वाङ्मय म्हणून सहसा कुणी वाचत नाही. तरीही महाराष्ट्र विधानसभेची प्रश्नोत्तरे चाळणाऱ्याला त्यांतील ठरावीक गद्य चटकन ओळखू येते. 'हे खरे आहे काय', 'असल्यास', 'नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत' अशा पायऱ्यांनी प्रश्न उतरत जातो. 'अंशतः खरे आहे', 'प्रश्न उद्भवत नाही' अशी उत्तरे त्याला मिळतात. ही भाषा रुक्ष आहे खरी. पण सत्तेला खऱ्याखोट्याची कबुली नोंदवायला लावणारी दुसरी भाषा आपल्या सार्वजनिक जीवनात क्वचितच आढळते. सरकारी व्यवहार आणि सत्ताधाऱ्यांच्या सोयीसवलती हे विषय या परंपरेला अगदी आरंभापासून चिकटलेले आहेत.

१८९२ च्या इंडियन कौन्सिल्स ॲक्टने सभासदांना प्रश्न विचारण्याची मुभा दिली. १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिंगाच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांसाठी रसद गोळा केली जाई आणि त्यापायी खेड्यांतील दुकानदारांना जाच सोसावा लागे, हा त्याचा विषय. विचारणारा संस्थानी थाटातला, ज्याच्याविषयी विचारले तो गावचा वाणी, आणि मधे अधिकाऱ्याचा 'हक्क'! उपप्रश्नाची सोय मात्र नव्हती. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाचा अधिकार मिळाला आणि १९१९ नंतर तो इतर सभासदांनाही लाभला. हा फरक लहान नव्हे. लेखी उत्तर कचेरीत तयार होते. उपप्रश्नाचे उत्तर उभ्या उभ्या द्यावे लागते.

या अधिकाराची स्वतंत्र भारतातील पहिली मोठी कसोटी १९५७ साली लागली. आयुर्विमा महामंडळ स्थापन होऊन वर्षही लोटले नव्हते, तोच जून १९५७ मध्ये महामंडळाने हरिदास मुंदडा यांचे हितसंबंध असलेल्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे समभाग विकत घेतले. महामंडळाच्या गुंतवणूक समितीचा सल्ला त्यासाठी घेतलेला नव्हता. हा पैसा हप्ते भरणाऱ्या सामान्य विमेदारांचा होता. ४ सप्टेंबरला राम सुभग सिंह आदी सदस्यांनी लोकसभेत याविषयी प्रश्न विचारला. पण पहिल्या उत्तरांतून व्यवहाराचे पूर्ण रूप उघड झाले नाही. १६ डिसेंबरला फिरोझ गांधींनी सभागृहात त्याची सविस्तर चिरफाड केली. ते सत्ताधारी पक्षाचे सदस्य आणि पंतप्रधानांचे जावई होते, ही गोष्ट मुद्दाम ध्यानात घ्यावी. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांच्या एकसदस्य आयोगाने मुंबईत खुली चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना पायउतार व्हावे लागले. मंत्र्यांनी संसदेला शक्य तितक्या लवकर विश्वासात घ्यावे, असे छागलांनी अहवालात बजावले. आधीचे तोकडे उत्तर नोंदीत राहिले होते, म्हणूनच पुढचे प्रश्न नेमके होत गेले.

सोयीसवलतींची गोष्ट याहून अवघड. मंत्र्यांचे वेतन संसदेने कायद्याने ठरवावे, असे घटनेचा ७५ वा अनुच्छेद सांगतो. १९५२ च्या कायद्याने वेतन-भत्त्यांबरोबरच बिनभाड्याचे, सजवलेले निवासस्थानही मंत्र्यांना दिले. जे कायद्यानेच दिले, त्यात गैर काय, असे कुणीही विचारील. ऑगस्ट १९६३ मधील अविश्वास ठरावाच्या चर्चेने त्या प्रतिप्रश्नाचे समाधान संपवले. पंतप्रधानांवर दररोज पंचवीस हजार रुपये खर्च होतात आणि देशातील सत्तावीस कोटी माणसे दिवसाला तीन आण्यांवर जगतात, असा आरोप राममनोहर लोहियांनी केला. सरकारच्या बाजूने पंधरा आण्यांचा आकडा पुढे आला. कोणता आकडा बरोबर, यावर वाद माजला. पण सत्ताधाऱ्याच्या खर्चाशेजारी प्रजेची मिळकत मांडण्याची रीत संसदेत रुजली. वैधतेपुढे औचित्य उभे राहिले.

या परंपरेला आतूनही कीड लागली, हे लपवण्यात अर्थ नाही. मुंबईच्या सराफ बाजारातील संघटनेकडून आर्थिक लाभ उकळल्याच्या प्रकरणी १९५१ साली एच. जी. मुदगल यांना हंगामी संसदेतून जावे लागले. डिसेंबर २००५ मध्ये प्रश्न विचारण्यासाठी पैसे घेतल्यावरून दोन्ही सभागृहांतील अकरा खासदार बडतर्फ झाले. प्रश्नच विकला गेला, तर व्यवहाराचा जाब विचारणार कोण?

त्याच वर्षीच्या माहिती अधिकार कायद्यात याचे एक उत्तर होते. जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येणार नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, अशा आशयाचे वाक्य त्याच्या आठव्या कलमात होते. भिंगाच्या राजांना दुकानदाराच्या वतीने विचारावे लागले. या वाक्याने दुकानदाराला स्वतःच विचारण्याची वाट दिली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते वाक्य वगळण्याची तरतूद केली. एका वाक्याच्या जाण्याने काय जाते, हे साहित्याच्या अभ्यासकांना निराळे सांगायला नको.