रविवारची प्रार्थना, सोमवारचा बाजार

जी बैलगाडी आठवडाभर भात आणि शेणखत वाही, तीच धुऊन-पुसून, वर छत चढवून, जत्रेच्या दिवशी घरच्या मंडळींना देवदर्शनास नेई. हे दृश्य आपल्याकडील अनेक पिढ्यांनी पाहिले आहे. एकाच वाहनाकडून प्रपंच आणि परमार्थ दोन्ही साधून घेण्याची ही निकड केवळ आपल्याच मुलखाची नाही. म्हणून ऑस्ट्रेलियातील एका मोटारीची हकीकत आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जगभर मंदी पसरली असता, १९३२ साली व्हिक्टोरिया राज्यातील गिप्सलँड भागातल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीने फोर्ड कंपनीस पत्र लिहिले, असे सांगतात. रविवारी चर्चला जाता यावे आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता यावीत अशी एकच गाडी तिला हवी होती. दोन घेण्याची ऐपत नव्हती. माल वाहणाऱ्या लहान मोटारी तेव्हाही होत्या. परंतु त्यांची बैठक उघडी आणि वरचा टप कापडी असे. पावसात ठेवणीतल्या वस्त्रांची दैना होई.

हे काम जीलाँग येथील कारखान्यात ल्यू बँट या तरुण आरेखकाकडे आले. त्याने फोर्डच्या व्ही-८ कूपे मोटारीची, काचेच्या खिडक्यांची बंदिस्त केबिन घेतली. मागे निराळी पेटी बसविण्याऐवजी केबिनच्या बाजूंचे पत्रेच थेट फाळक्यापर्यंत अखंड नेऊन हौदा केला. हे वाचावयास सोपे वाटते. परंतु ओझ्याने आणि खाचखळग्यांनी चासीला पीळ पडतो. पेटी सुटी असली तर केबिन आणि पेटी आपापल्या परीने हलतात. पत्रा अखंड असला की सारा ताण दोहोंच्या सांध्यावर येतो. तो सांधा भक्कम करणे हीच खरी कसोटी होती. १९३४ साली गाडी बाजारात आली. सुमारे १२०० पौंड ओझे ती वाही. 'यूट' या लाडक्या नावाने अशा गाड्या त्या देशाच्या शेताशिवारांत रुळल्या.

१९८७ साली बँट अपघातात निवर्तला, तेव्हा तो आपल्याच नमुन्याची जुनी गाडी चालवीत होता. २०१६ साली फोर्डने ऑस्ट्रेलियात मोटारी बांधणे थांबविले. आरेखकाचे नाव राहिले, कंपनीचेही राहिले. त्या शेतकरणीचे मात्र कोठे नोंदले गेले नाही. देवाच्या दारी नीटनेटके उभे राहता यावे, एवढेच तिचे मागणे होते. आपल्या वाचकांस ते परके वाटू नये.