पावणेपाच रुपयांचं डिस्नेलँड

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये जुलै 1955 मध्ये डिस्नेलँड उघडलं, तेव्हा मोठ्या माणसाला आत जायला एक डॉलर पडायचा. त्या काळी डॉलर होता 4.76 रुपयांचा. भारतात दशमान नाणी यायला अजून दोन वर्षं होती, त्यामुळे आणे-पैच्या हिशेबात हे तिकीट झालं पावणेपाच रुपये आणि वर दोन पै.

17 जुलैचा पहिला दिवस फक्त निमंत्रितांसाठी होता. पण बनावट प्रवेशपत्रिका छापल्या गेल्या, एकाने तर म्हणे कुंपणाला शिडी लावून माणसं आत सोडली, आणि गर्दी गेली 28 हजारांवर. त्यात प्लंबरांचा संप झालेला. पिण्याच्या पाण्याचे नळ की संडास, यांतलं एकच काहीतरी वेळेत पुरं होणार होतं. वॉल्ट डिस्ने यांनी शहाण्या यजमानासारखे संडास निवडले. उन्हात तहानलेल्या पाहुण्यांनी त्याचा अर्थ लावला तो असा, की शीतपेयं खपावीत म्हणूनच नळ कोरडे ठेवलेत!

त्या एका डॉलरमध्ये मिळायचं ते नुसतं आत जाणं. राइडचे पैसे वेगळे, 10 ते 35 सेंट. गावच्या जत्रेत पाळण्याचं तिकीट वेगळं आणि मौत का कुआँचं वेगळं असतं, तसाच हा कारभार. फरक इतकाच, की जत्रेत शिरायला कुणी पैसे मागत नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुपनांची पुस्तिका आली. आधी ए, बी आणि सी, पुढच्या वर्षी डी, आणि 1959 मध्ये मॅटरहॉर्नचा डोंगर, पाणबुडी अन् मोनोरेल आल्यावर ई. ए म्हणजे रस्त्यावरच्या गाडीतून मारलेली साधी फेरी. ई म्हणजे पोटात गोळा आणणारं काहीतरी. ई कुपनं दुपारपर्यंत संपायची, ए मात्र उरायची आणि घरी नेली जायची. ‘ई तिकीट’ हा शब्द तिकडच्या बोलीत इतका मुरला, की 1983 मध्ये अंतराळात गेलेल्या सॅली राइड यांनीही आपल्या उड्डाणाचं वर्णन करताना ई तिकिटाचीच उपमा दिली.

1982 मध्ये कुपनं गेली. एकदा पैसे भरायचे आणि दिवसभर हव्या तितक्या वेळा बसायचं, ही पद्धत आली. आज जगभर तिलाच थीम पार्कचं तिकीट म्हणतात.

पुढच्याच वर्षी, 15 एप्रिल 1983 रोजी, टोकियोचं डिस्नेलँड सुरू झालं. अमेरिकेबाहेरचं हे पहिलंच, पण ते डिस्नेच्या मालकीचं नाही. ओरिएंटल लँड या जपानी कंपनीने ते स्वतःच्या पैशाने बांधलं आणि डिस्नेला रॉयल्टी देऊ केली. परदेशात आपला पैसा गुंतवायला डिस्ने तेव्हा कचरत होती. दिवसभराचा पास 3,900 येनचा होता. 2024 मध्ये टोकियोचं दिवसाचं तिकीट तारखेप्रमाणे 7,900 ते 10,900 येन होतं. कॅलिफोर्नियात त्या वर्षाच्या अखेरीस तेच 104 ते 206 डॉलर होतं. येन घसरून डॉलरला दीडशेच्या घरात गेल्यामुळे टोकियोचा सर्वांत महाग दिवस अनाहाइमच्या सर्वांत स्वस्त दिवसापेक्षाही स्वस्त झाला. ही किमया उंदीरमामांची नव्हे, चलनबाजाराची.

भारतीयांसाठी प्रश्न तिकिटाचा नव्हताच, परकीय चलनाचा होता. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्यांच्या आठवणींत एक आकडा हमखास येतो, आठ डॉलर. तेवढेच घेऊन विमानात चढायची मुभा होती. ऑक्टोबर 1971 मध्ये फ्लोरिडाचं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं, तिथं मोठ्यांचा प्रवेश साडेतीन डॉलर. आठ डॉलरांत नवरा-बायको दोघं आत गेले असते आणि राइडसाठी एक डॉलर उरला असता. रात्री मुक्काम कुठे, हे विचारू नये.

तोवर घरची सोयही झालेली नव्हती. दिल्लीत अप्पू घर सुरू झालं 1984 मध्ये. नाव एशियाडचं बोधचिन्ह असलेल्या हत्तीवरून घेतलेलं. त्याच वर्षी केसरी पाटील यांनी केसरी टूर्स काढली आणि पुढे मराठी मध्यमवर्गाला गटागटाने, जेवणाच्या हमीसकट परदेश दाखवला. मुंबईजवळ गोराईला एस्सेलवर्ल्ड आलं ते 1989 मध्ये. बोरिवलीच्या बाजूने खाडी ओलांडायची बोट हीच लहान मुलांची पहिली राइड असायची, आणि परतीच्या बोटीत निम्मी मुलं आईच्या मांडीवर झोपलेली असायची. खोपोलीचं इमॅजिका 2013 मध्ये उघडलं ते थेट परदेशी पार्कांशी तुलना व्हावी याच तयारीने. ते कर्जात रुतलं आणि 2022 मध्ये संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं, म्हणजे गाय छाप जर्दावाल्यांकडे. तिकिटात सरकारचा वाटाही लहान नव्हता. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला, तो अशा पार्कांना 28 टक्क्यांनी. म्हणजे हजार रुपयांवर 280 रुपये नुसता कर. जानेवारी 2018 मध्ये तो 18 टक्क्यांवर आणला.

परदेशाचा हिशेब मात्र दारापर्यंत पोचण्याआधीच फुगतो. फेब्रुवारी 2004 मध्ये रिझर्व्ह बँकेने माणशी वर्षाला 25 हजार डॉलर बाहेर पाठवायची मोकळीक दिली. आज ती अडीच लाख डॉलर आहे, तेव्हा आठ डॉलरांची अडचण उरली नाही. पण अमेरिकेच्या पर्यटक व्हिसाची फी 2023 मध्ये माणशी 185 डॉलर झाली. चौघांचे झाले 740, म्हणजे 2024 च्या 84 रुपयांच्या दराने साठ हजारांच्या वर. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाहीत. एवढ्यात चौघांची खोपोलीची सहल हॉटेलमधल्या मुक्कामासकट होते आणि पैसे उरतात. म्हणूनच अनेक घरांतली डिस्ने-युनिव्हर्सल स्टुडिओची हौस हाँगकाँग नाहीतर सिंगापूरवर भागते.

तिकडे अमेरिकेत वेगवेगळ्या तिकिटांची जत्रा परतली आहे. रांग चुकवणारा फास्टपास 1999 पासून फुकट होता. 2021 मध्ये त्याच्या जागी पैसे मोजायचा पास आला. ऑक्टोबर 2024 मध्ये त्याहून वरचा प्रीमियर पास निघाला. तेव्हा फ्लोरिडात गर्दीच्या दिवशी त्याचे माणशी 449 डॉलर पडत, म्हणजे 37 हजार रुपयांच्या पुढे. आत जायचं तिकीट वेगळं.