सल्ला चालला, सल्लागाराची जात चालली नाही

सुलतानपुरात पोरांसोबत बसलं की एक प्रश्न हमखास येतो. "दादा, धंदा करायचाय, पण विचारायचं कोणाला?" आपल्या पोरांत धमकच नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी या प्रश्नाचा इतिहास बघावा.

व्यापारी जातीतला मुलगा पेढीवर बसूनच हिशोब, उधारी आणि भाव शिकतो. काका जामीन राहतो, मामा पहिलं गिऱ्हाईक आणून देतो. आज ज्याला बिझनेस कन्सल्टन्सी म्हणतात, ती त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फुकट चालत आली. आपल्या वाट्याला आलं बलुतं. तिथे स्वतःच्या कामाचा भाव ठरवायचाच अधिकार नव्हता. मग धंद्याचा अनुभव साठणार कुठून?

"तुमच्यात जाणकारच नव्हते," असं कोणी म्हणेल. त्याला बाबासाहेबांची गोष्ट सांगा. कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली अर्थशास्त्रात एम.ए., पुढे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अभ्यास. १९१७ मध्ये बडोद्यात नोकरी होती, पण राहायला जागा मिळाली नाही. मुंबईला परतल्यावर पोटापाण्यासाठी त्यांनी शेअर बाजारातल्या व्यापाऱ्यांना सल्ला देणारी कंपनी काढली. धनंजय कीर यांच्या चरित्रात याची नोंद आहे. सुरुवातीला गिऱ्हाईकं आली. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि ती यायची बंद झाली. कंपनी गुंडाळावी लागली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तर तिथेही पाण्याच्या भांड्यावरून सहकाऱ्यांनी हरकत घेतली.

बाजाराला जात नसते, गुणवत्ता असली की झालं, असं आजही आपल्याला ऐकवलं जातं. मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तेव्हा स्वतःचा फायदा सोडला, जात सोडली नाही.

ही पोकळी भरायचे प्रयत्न पुढे झाले. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित इंडियन चेंबर ऑफ कॉमर्स अँड इंडस्ट्री, म्हणजे डिक्की, उभी केली. २०१६ च्या स्टँड अप इंडिया योजनेत प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटीपर्यंत कर्ज द्यावं, असं ठरलं. आपल्या शेजारच्या अकोला जिल्ह्यातल्या कल्पना सरोज यांनी कर्जात बुडालेली कमानी ट्यूब्स सावरली. जिद्द त्यांचीच होती, पण जाणकारांना सोबत घेऊन, बँकांशी बोलून व्याज-दंड माफ करून घेतल्यावरच कंपनी उभी राहिली.

इथे एक सावधगिरी हवी. "नोकऱ्या मागू नका, नोकऱ्या देणारे व्हा" हे वाक्य आरक्षण गुंडाळण्यासाठीही वापरलं जातं. सल्ला म्हणजे भांडवल नव्हे, आणि उद्योजकता हा घटनात्मक हक्कांना पर्याय नव्हे. दोन्ही लढे सोबतच लढावे लागतील.

पण सल्ल्यासाठी सरकारची वाट बघायची गरज नाही. आरक्षणातून शिकलेले आपले बँक अधिकारी, सीए, वकील, कर खात्यातले लोक आज निवृत्त होत आहेत. वंदना झाल्यावर महिन्यातला एक रविवार त्यांनी विहारात बसावं. प्रकल्प अहवाल कसा करायचा, जीएसटी कसा भरायचा, बँकेने अर्ज परत केला तर लेखी कारण कसं मागायचं, हे पोरांना दाखवावं.

बाबासाहेबांचा सल्ला बाजाराने नाकारला. त्यांच्यामुळे शिकलेल्यांनी तरी आपला अनुभव आपल्या पोरांना नाकारू नये.

जय भीम!