लोखंडाचा पुनर्जन्म

न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयानें १९९८ सालीं मोटारसायकली कलाकृति म्हणून मांडिल्या, तेव्हां वाद माजला : वापरावयाचें यंत्र कलेच्या दालनांत शोभतें काय? महाराष्ट्रांत या प्रश्नाची उलटी बाजू दिसली. तेथें यंत्र संग्रहालयांत गेलें. येथें संग्रहालयाचेंच यंत्र झालें.

'विक्रांत' ही विमानवाहू नौका १९७१ च्या युद्धांत पराक्रम गाजवून १९९७ सालीं निवृत्त झाली, व पुढें २०१२ पर्यंत मुंबईस संग्रहालय म्हणून उभी होती. तिचें जतन आपणांस झेपलें नाहीं. २०१४ सालीं ती मोडीत निघाली. तिच्या धातूपासून अर्झान खंबाटा यांनीं मुंबईंत शिल्प उभारिलें. पुण्याच्या बजाज कंपनीनें २०१६ सालीं त्याच धातूचा अंश घालून 'व्ही' मोटारसायकल काढिली.

यांत समाधान मानावें काय? आम्ही चंद्रपूर-गडचिरोलीचीं माणसें. लोहारा-सूरजागडच्या लोहखनिजाचे शेजारी. मोडक्या फाळाचा विळा होतो, हें आम्हांस नवें नाहीं. परंतु विळ्याकडे पाहून नांगर कसा होता, हें नातवास कळत नाहीं. धातु राखिला म्हणजे इतिहास राखिला, असें नव्हे. शिल्प डोळ्यांस सुखवील, मोटारसायकल गांवोगांव नांव नेईल. पण ज्या फलाटावरून विमानें उडालीं, त्यावर आतां कोणाचेंहि पाऊल पडणार नाहीं.